गेणबा सुभेदाराच्या चांदण्या

मिलिटरीचा कोट दिसला की मला आधी खांदा दिसतो, माणूस नंतर. हा रोग आहे, हे मला कुणी सांगायला नको.

दौंडच्या यार्डात मी गाड्या धुतो. दुसरी लढाई संपली तेव्हा पलटणींच्या गाड्या इंजिन बदलायला दौंडला थांबायच्या. घरी निघालेले शिपाई खिडकीतून काहीही द्यायला तयार असायचे. कुणी भज्यांच्या पुड्यावर बाहीची फीत दिली, कुणी विडीच्या बंडलावर खांद्याचा कापडी बिल्ला दिला. काळं मांजर, लाल गरुड, आगीचा गोळा, कोंबडा, खंजीर. प्रत्येक डिव्हिजनचं आपलं चित्र. पुढं शिरूरच्या बाजारात, म्हणजे आमच्या तोंडी घोडनदीच्या बाजारात, मिलिटरीतल्या जुन्या कोटांचे ढीग यायला लागले. मी त्या ढिगांत कोपरापर्यंत हात घालून बसायचो. कोट नको असायचा. कोटवाला शिव्या द्यायचा, मीही द्यायचो, शेवटी बिल्ला माझ्या खिशात यायचा.

मला भरतीत घेतलं नव्हतं. छाती भरली नाही. म्हणून हा नाद लागला असं लोक म्हणतात. म्हणू द्या. लोकांना दुसऱ्याच्या वेडाचं कारण सापडलं की रात्री झोप चांगली लागते. मला नाही लागायची. एक बिल्ला मिळाला की दुसरा हवा, दुसरा मिळाला की पहिल्याकडं बघवत नाही.

हे सगळे बिल्ले मी एका काळ्या मिलिटरी ब्लँकेटवर शिवले होते. दौंडच्या खोलीत उंदीर, म्हणून ते ब्लँकेट घोडनदीला, मिशन कंपाऊंडातल्या आमच्या घरी, ट्रंकेत असायचं. घरी बायको राहेल आणि मुलगी दबोरा. मी सुट्टीला एसटीनं जायचो, आधी ट्रंक उघडायचो, मग पोरीला उचलायचो. राहेल ह्यावरून बोलायची. बरोबरच बोलायची.

त्या ब्लँकेटवर माझ्या मालकीची नव्हती अशी एकच वस्तू होती. दोन पितळी चांदण्या, लाल-पिवळ्या पट्टीसकट. सुभेदाराच्या एका खांद्यावरच्या. त्या गेणबाच्या होत्या.

गेणबा आमच्या शेजारच्या गावच्या म्हारवाड्यातला. आता त्याला बौद्धवाडी म्हणायचं, पण गावाच्या तोंडाला अजून वळण लागलेलं नाही. माझा आजा त्याच वाड्यातून दुष्काळात मिशनच्या पंगतीला गेला आणि ख्रिस्ती होऊनच उठला. म्हणून गेणबाची बायको नकुशी ही नात्यानं माझी मावशी. गेणबा ब्रह्मदेशाच्या लढाईतून सुभेदार होऊन आला. पलटणीत शंभर माणसं त्याच्या शब्दावर उठत-बसत. गावात चहा मिळायचा तो वेगळ्या कपात, हॉटेलाच्या बाहेर. तो मेला तेव्हा नकुशीनं त्या चांदण्या फडक्यात बांधून मला आणून दिल्या.

"घरात ठेवल्या तर पोरगा मोडीत घालील," ती म्हणाली. "तुला नाद हाय, तू सांभाळशील. पर येक सांगून ठेवते एलिया, दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर ह्या जाता कामा न्हाईत."

"न्हाई जायच्या, मावशी."

"येशूची आण घे."

"आमच्यात आण घेत न्हाईत."

"मग माझी घे. मी तर हाय न्हवं समोर."

घेतली.

चीनची लढाई थांबली आणि घोडनदीत एकदम सगळे शूर झाले. पानाच्या दुकानावर उभे राहून लोक हिमालय राखायला लागले. संरक्षण फंडासाठी मोठी सभा ठरली. पुण्याहून बडे पाहुणे येणार, तालुक्यातल्या जुन्या सैनिकांचा सत्कार होणार, आणि सगळ्यांत वरच्या हुद्द्याचा सैनिक पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीवर बसणार. ह्या खुर्चीवर हौसरावचा डोळा गेला.

हौसराव सोसायटीचा चेअरमन. ऊस त्याचा, बागायत त्याची, पंचायत त्याची. तो स्वतः कधी लढाईला गेला नव्हता, पण त्याचे चुलते जयसिंगआबा गेले होते. खच्चरं हाकायला. त्याची लाज नाही, खच्चरं नसती तर पलटण उपाशी मेली असती. पण खच्चरवाल्याला पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची मिळत नाही. एका सुट्टीच्या दिवशी हौसराव माझ्या दारात आला. आत आला नाही. दारातच उभा राहिला.

"एलिया, तुझ्यापाशी सुभेदाराचे बिल्ले हायेत म्हनं."

"हायेत."

"आबांना पायजेत. येका दिवसापुरते. पाहिजे तर इकत दे."

"आबा सुभेदार कवा झाले?"

"आरं, झाले असतेच की! साहेबानं डाव साधला म्हणून ऱ्हायले." तो हसला. "तुझ्या कांबळ्यावर त्ये कुणाच्या उपेगाचं हाय?"

"ज्याचं हाय त्याच्या."

"त्यो तर मेला."

"मग बायकू हाय त्याची. तिला इचारा, साहेब."

नकुशीच्या दारात जाऊन मागायचं, हे हौसरावच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. तो म्हणाला, "तुमी लोक शिकलासा ना, त्याचाच ह्यो गुण." आणि गेला.

मी खूश होऊन दौंडला परतलो. मूर्ख होतो.

मी तिकडं असताना दबोराला विषमज्वर झाला. मिशनच्या डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या. राहेलनं मला निरोप धाडायच्या आधी देवाला गाठलं. पोर उठली तर घरातली सगळ्यांत प्रिय वस्तू तुझ्या घरी आणीन, असं ती बोलून बसली. पोर उठली. आणि आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण आला.

हा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. पिकं निघाली की लोक देवाला वाटा आणतात. ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या, कुणी विणलेलं तोरण. उपासनेनंतर तिथंच लिलाव होतो. पण आमच्या लिलावाची रीत न्यारी आहे. ज्यानं वस्तू घेतली त्यानं ती घरी न्यायची नाही. पैसे ठेवायचे आणि वस्तू परत टेबलावर द्यायची. पुन्हा बोली. पुन्हा परत. एकेक अंडं पाचसहा वेळा विकलं जातं, माणसं हसून हसून बेजार होतात, आणि शेवटी ज्याची वस्तू असेल त्यालाच ती घेऊ देतात, बाकीचे तोंड मिटून बसतात. देवाचं देवाला, कोंबडीची कोंबडी घरी.

मी सकाळच्या एसटीनं उतरून थेट चर्चमध्ये गेलो. टेबलावर भोपळ्यांच्या मध्ये माझं ब्लँकेट घडी घालून ठेवलेलं. वर दोन चांदण्या चमकत होत्या. बायकांच्या बाजूला राहेल बसली होती, तिच्यामागं जाऊन वाकलो.

"हे काय केलंस?"

"बोलले होते देवाला. सगळ्यांत प्रिय म्हणून."

"प्रिय तुला का मला?"

"तुम्हाला. मला प्रिय होती ती देवानं वाचवली. राहिलं तुमचं."

"अगं, त्यातलं सगळंच माझं न्हाई!"

"कशाला जीव खाली-वर करता? येतंय की परत. माझी तांबडी कोंबडी गेल्या वर्षी तीनदा विकली, आन् सांजच्याला खुराड्यात हजर."

तिचं चुकलं नव्हतं. आमच्यातल्या कुणीही हेच धरून चाललं असतं. शंभर वर्षांत कुणाची कोंबडी गेली नव्हती. फक्त त्या वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी, प्रभुदासमास्तरांनी, पुढच्या बाकावर पाहुणा आणून बसवला होता. चर्चपर्यंतचा रस्ता सोसायटीच्या जमिनीतून हवा होता. म्हणून हौसराव चेअरमन डोक्यावरचा फेटा न काढता आमच्या पहिल्या बाकावर बसला होता.

माझं ब्लँकेट निघालं. शाळेच्या मास्तरांनी घेतलं, परत दिलं. टाळ्या. कंपाउंडरनं घेतलं, परत दिलं. मी प्रत्येक बोलीत होतो, माझा आवाज चिरकत होता आणि लोकांना त्याची मौज वाटत होती. तिसऱ्या खेपेला हौसरावनं हात वर केला. मी वाढवलं. त्यानं वाढवलं. मी माझ्या पगाराच्या पलीकडं गेलो. राहेलनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. हौसराव मजेत आणखी पुढं गेला. मी खाली बसलो.

ब्लँकेट त्याला मिळालं. सगळे हसत वाट बघत राहिले. तो उठला, टेबलावर नोटा ठेवल्या, ब्लँकेट काखेत मारलं आणि बसला.

चर्चमध्ये कोंबड्याच तेवढ्या बोलत होत्या.

प्रभुदासमास्तर खोकले. पुन्हा खोकले. मग म्हणाले, "आता पुढचा भोपळा."

मी उभा राहिलो. "चेअरमनसाहेब, हितं रीत हाय. घेतलेलं परत द्यायचं असतंय."

"कुणाला?"

"देवाला."

"देवाला पैशे दिले की. आता कांबळं बी देऊ? तुमचा देव दोन्हीकडनं घेतो व्हय रं?"

आणि आमची माणसं हसली. हे मला आजतागायत पचलेलं नाही. शेजारी बसून गीतं म्हणणारी, माझ्या पोरीसाठी प्रार्थना करणारी माणसं, रीत ठाऊक असलेली माणसं, हसली. प्रभुदासमास्तर हात जोडून म्हणाले, "एलिया, बस. पाहुण्यांचा मान राख." आमच्यात देवाची भीती फार, असं बाहेरचे म्हणतात. देव पुढच्या बाकावर फेटा बांधून बसला की भीती वाटते, हे खरं.

बाहेर पडताना राहेल माझ्या मागं धावत आली. "मी जाते त्यांच्याकडं. पदर पसरते."

"तू काय पसरू नको. आपल्याकडं पसरण्याचंच शिक्षण जास्त झालंय."

ती रडली. मी थांबलो नाही. त्या आठवड्यात मला कुठंच बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हौसरावच्या मळ्यात गेलो. त्याची आई सारजाबाई ओट्यावर सुईदोरा घेऊन बसली होती. समोर माझं ब्लँकेट, म्हणजे त्याचं नुसतं कातडं. मांजर, गरुड, कोंबडा सगळे उसवून तिनं बैलांच्या झुलीवर बसवायला घेतले होते. पाहुण्यांची मिरवणूक सजवलेल्या बैलगाडीतून निघायची होती.

"बघ की रं, किती झ्याक दिसतंया," ती मला म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. बैलांवर तिची माया होती.

चांदण्या तिथं नव्हत्या. जयसिंगआबा गोठ्याच्या सावलीत बाजेवर होते. मी त्यांच्या पायाशी बसलो. मला वाटलं, म्हातारा लढाईतून आलेला आहे, त्याला कळेल. पुतण्याच्या हट्टापायी बसतोय बिचारा.

"आबा, त्या चांदण्या गेणबा सुभेदाराच्या हायेत."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"म्हणून तर घेतल्या." ते उठून बसले. "हौसा दुसऱ्या आणणार हुता पुण्यासनं. मी म्हनलं, न्हाई. त्याच पायजेत."

"का बरं?"

"इंफाळच्या वाटंला छावणी पडली हुती. म्या खच्चर घेऊन चाललो हुतो. समोरनं गेणबा आला. खांद्यावर ह्या. म्या बघितलं, आपल्या गावचा. मान फिरवली आन् चाललो. त्यानं मागनं हाक मारली. 'जवान, सलाम कुणी शिकवला न्हाई का तुला?' सगळी कंपनी बघत हुती. म्या सलाम ठोकला. म्या. त्येला." त्यांनी उजवा हात उपडा करून पाहिला. "गावात आल्यावर त्यो माझ्या वाड्यापुढनं वहाणा हातात घेऊन गेला. जल्मभर गेला. तरी बी त्यो येक सलाम काय माझ्या हातातनं जात न्हाई."

"मग आता?"

"आता त्या माझ्या खांद्यावर. हुईल फिटाफिट."

मला त्यांची दया येईल असं मी धरून चाललो होतो. आली नाही. ज्याला बारा महिने सलाम मिळाला त्याला एकदा द्यावा लागला, तेवढ्यानं अठरा वर्षं जळत बसलेला माणूस होता तो. मी उठलो. रामराम केला नाही.

तिथून शेतातल्या वाटेनं नकुशीकडं. पाय नेत नव्हते, पण सांगायचं तर होतंच. ती दारात बसून ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, राहेलच्या नवसापासून खच्चरापर्यंत. सूप थांबलं नाही.

"म्हंजी तू आण मोडलीस."

"म्या न्हाई मोडली, मावशी, ती..."

"मोडली का न्हाई?"

"मोडली."

"मग गप बस."

तिनं सूप उलटं केलं. "सभा कवा हाय?"

"परवा. बाजारतळावर."

"बाया येतात का सभेला?"

"तुला कुणी बोलवायचं न्हाई मावशी. सत्कार जित्या माणसांचा हाय."

"जिती हाय की मी," ती म्हणाली.

सभेच्या दिवशी मी ड्युटी चुकवली. बाजारतळावर मांडव, पताका, लाउडस्पीकर. माझा गरुड आणि माझं काळं मांजर बैलांच्या वशिंडावर बसून मिरवत आले, त्यांच्या मागच्या गाडीत पुण्याचे पाहुणे. स्टेजवर खुर्च्या मोजक्याच. खरे जुने शिपाई, आमच्या मिशनमधले दोन, म्हारवाड्यातले सातआठ, एकाची तर पायाची बोटं गेलेली, सतरंजीवर खाली बसवलेले. आणि वर पाहुण्यांच्या शेजारी जयसिंगआबा. खाकी कोट नवा, इस्त्रीचा. दोन्ही खांद्यांना मिळून गेणबाच्या दोन चांदण्या, एकेक करून लावलेल्या. सतरंजीवरचे सगळे ते बघत होते. एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. दोनदा उठायला गेलो, दोनदा शेजारच्यानं सदऱ्याला धरून बसवलं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळेला मी बसायलाच तयार होतो.

लाउडस्पीकरवर नाव पुकारलं, "सुभेदार जयसिंगराव!" पाहुणे हार घेऊन उभे राहिले. आबा उठले.

"अवो धनी!"

मांडवाच्या मागच्या बाजूनं आवाज आला. नकुशी मधल्या वाटेनं चालत येत होती. धुतलेलं हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. तिला अडवायचं कसं, हे कुणाला सुचलं नाही, कारण ती घाईत नव्हती. स्टेजच्या पुढं येऊन तिनं पदर सावरला आणि आबांकडं मान वर करून पाहिलं.

"धनी, वळख देत न्हाई व्हय?"

हौसराव ओरडला, "ए, कोन हाय तिकडं? हिला भाईर काढा!"

"का वो चेअरमन? माझा मानूस हाय वर." ती लोकांकडं वळली. तिला लाउडस्पीकरची गरज नव्हती. "ह्या चांदण्या माझ्या धन्याच्या. मी सांगून ठेवलं हुतं, दुसऱ्याच्या खांद्यावर जायच्या न्हाईत. मग आता ज्याच्या खांद्यावर हायेत त्योच माझा धनी. दुसरं काय म्हणायचं मी?"

सतरंजीवरून कुणीतरी फस्सकन हसलं. मग मागून, मग बायकांतून. हसू मांडवभर पसरत गेलं.

पाहुण्यांनी हार हातात तसाच धरून हौसरावला विचारलं, "काय प्रकार आहे हा?"

नकुशीनंच उत्तर दिलं. "काय न्हाई सायेब, नवराबायकूचं हाय. चला धनी, घरी चला. भाकरी टाकून आलीया. सुभेदार झालासा म्हणून काय घर इसरायचं? म्हारवाड्यात घर हाय तुमचं, लिंबाखाली. तुमचा कप बी हाय तिथं येगळा ठेवलेला."

आता कुणी हसलं नाही.

आबांचा चेहरा काळानिळा झाला. त्यांनी आधी डाव्या खांद्याला हात घातला. पीन निघेना. त्यांनी ओढली, नव्या कोटाचं कापड टर्रकन फाटलं. मग उजवी. दोन्ही चांदण्या त्यांनी स्टेजच्या खाली फेकल्या आणि खुर्चीत बसले, हार न घेता. नकुशी वाकली, धुळीतून त्या उचलल्या, एकेक पदरानं पुसली.

मी तिच्यापर्यंत पोचलो होतो. हात पुढं केला. सवयीनंच केला.

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. "तुझ्यापाशी दिल्या हुत्या की येकदा," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून चालू लागली. सतरंजीवरचा तो बोटं गेलेला शिपाई धडपडत उठला आणि ती जाईपर्यंत उभा राहिला. मग बाकीचेही उठले. स्टेजवरून कुणीतरी "बसा, बसा" म्हणत होतं.

सत्कार पुढं झाला. फंडही जमला. वर्तमानपत्रात छापून आलं की सभा उत्साहात पार पडली. प्रभुदासमास्तरांना रस्ता मिळाला नाही, आणि ते माझ्यामुळं, असं ते अजून म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या एकाही मळ्यावर नकुशीला कामाला बोलावलं नाही, ही बातमी राहेलनं मला दौंडला कळवली. सोसायटीच्या दुकानातून तिला रॉकेलही मिळेना.

पुढच्या सुट्टीला मी पिशवीत तांदूळ आणि गूळ घेऊन गेलो. ती तशीच दारात बसलेली, सूप रिकामं.

"मावशी, दौंडला चल. यार्डात बाया घेतात झाडायला. मी मुकादमाशी बोलतो."

"का?"

"खुरपायला कुणी बोलवीत न्हाई म्हनं तुला."

"सुभेदारीण हाय मी," ती म्हणाली. "खुरपायला कशाला जाईन?" आणि पिशवी आत ओढून घेतली.

चांदण्या तिनं कुठं ठेवल्यात ते मी विचारलं नाही. विचारायचं होतं. तिथं बसलो होतो तेवढा वेळ डोळे घरभर फिरत होते, उतरंडीवर, आढ्याला, तिच्या पदराच्या गाठीवर. शेवटी एसटीची वेळ झाली असं खोटंच सांगून उठलो.